माळावरच्या घरात सूर्य उशिरा मावळायचा

राजमती सदलग्याहून लग्न होऊन निपाणीला आली तेव्हा तिला मराठी शिव्या येत नव्हत्या. कानडीतल्या येत होत्या, भरपूर येत होत्या. पण सासरच्या माणसांना कानडी चांगलं कळत असल्यामुळे त्या वापरायची सोय नव्हती. म्हणून पहिली काही वर्षं ती गप्प राहिली. लोकांना वाटलं, पोरगी स्वभावानं गरीब आहे. हा गैरसमज पेठेत बरीच वर्षं टिकला.

पुढचं सगळं मी तिच्या धाकट्या सुनेकडून, जयाबाईंकडून ऐकलंय. जयाबाईंना तिखटमीठ लावायची सवय होती. तेवढं वजा करून सांगतो. सगळं वजा केलं तर गोष्टच उरणार नाही.

राजमतीचा नवरा तवनाप्पा तांब्यापितळेच्या भांड्यांचा व्यापारी. पेठेत पुढं दुकान, मागं घर. दुकान लहान होतं आणि तवनाप्पाची हौस मोठी होती, त्यामुळं दुकानात न मावलेली भांडी घरात यायची. माजघरात घागरींच्या उतरंडी, कोनाड्यांत तपेली, माळ्यावर पराती, आणि चुलीजवळ एक एवढा मोठा हंडा की त्यात बसून एखाद्याला दीक्षा घेता आली असती. माणसं उरलेल्या जागेत राहायची. पाहुणा आला की आधी दोन घागरी उचलायच्या, मग त्याला बसवायचं.

दिवसा हे चालून जाई. रात्री पंचाईत व्हायची. अंधारात कुणी कूस जरी बदलली तरी एखाद्या कळशीला पाय लागे आणि कळशी शेजारच्या घागरीला सांगे. मग माजघरातून सासूबाईंचा, म्हणजे धोंडूबाईंचा आवाज येई, "कोण रं ते?"

त्यावर काय उत्तर देणार? नवराबायको दोघंही श्वास धरून पडत. धोंडूबाई विधवा होत्या, कान तिखट होते आणि झोप कमी होती. असं असूनही राजमतीला मुलं झाली, त्यांतले पारिसा आणि कुंथुनाथ हे दोन मुलगे जगले, वाढले, आणि त्याच भांड्यांत त्यांचीही लग्नं झाली. थोरल्याची चंदना आली, धाकट्याची जयाबाई आली. जयाबाई सांगत, "आम्हा दोघी जावांना त्या घरातली सगळी भांडी आंधळ्यानं ओळखावी तशी ठाऊक झाली हुती. पाय कुठं ठेवायचा ते पाठ. तरीबी एखाद दिवशी घोळ व्हायचाच."

पाळणा मात्र हलायचा थांबला नाही. चंदनाला दोन मुलं झाली, जयाबाईंना एक. गल्लीतल्या बायका म्हणत, भांड्याला भांडं लागल्याशिवाय राहत नाही म्हणतात ते खरंच.

एकोणीसशे चौतीस-पस्तीसची गोष्ट असेल. चंदनाला तिसऱ्या वेळी आठवा महिना लागला होता. पहिली दोन बाळंतपणं माहेरी झालेली. हे सासरी व्हायचं होतं. राजमतीनं माजघराचा एक कोपरा रिकामा केला, लुगड्याचा आडपडदा लावला, बाज टाकली. दुसऱ्या दिवशी ती बस्तीत, म्हणजे जैन मंदिरात, दर्शनाला जाऊन आली तर बाजेवर पितळेचे बंब बसलेले. ओळीनं, छाती काढून, व्याह्यांसारखे.

दिवाळीनंतरच्या लग्नसराईचा माल आला होता. तवनाप्पानं जागा दिसली तिथं ठेवला.

"हे काय?" राजमतीनं विचारलं.

"दोन दिवसांत जातील," तवनाप्पा म्हणाला. "तिला काय आजच व्हायाचंय?"

जयाबाई म्हणत, त्या क्षणी राजमतीच्या तोंडून सदलग्याच्या शिव्यांचा सगळा साठा एका दमात बाहेर आला. एवढी वर्षं दाबून ठेवलेला. धोंडूबाईंनी जपमाळ खाली ठेवली आणि कौतुकानं ऐकलं. त्यांचंही माहेर तिकडचंच होतं. आणि मग राजमतीनं एक बंब उचलला, दुकानातून सरळ पुढं गेली आणि रस्त्यावर ठेवला. परत आली, दुसरा उचलला. मग चुलीजवळचा तो हंडा. हंडा उचलण्यासारखा नव्हता, तो तिनं आडवा पाडून लोटला. उतारावरून तो गडगडत थेट शिंप्याच्या ओट्यापर्यंत गेला. गिऱ्हाइकं उठून उभी राहिली.

"अगं ए, काय करालीस!" तवनाप्पा ओरडला.

"जागा करालोय," ती म्हणाली. तिकडच्या बायकांसारखं तिचं मराठी असं पुल्लिंगी होतं. "आजपास्नं एक तर भांडी ऱ्हातील, न्हाय तर माणसं. तुमी ठरवा. मी रस्त्यात थांबतो."

ती खरंच थांबली. बंबावर बसून. पेठेतल्या व्यापाऱ्याची बायको भर दुपारी रस्त्यात बंबावर बसलीय म्हटल्यावर बघ्यांना काय तोटा! तवनाप्पानं आधी दटावून पाहिलं, मग हात जोडून पाहिले. शेवटी तो म्हणाला, "बघू या दुसरं घर. आत तर चल."

गावाबाहेर, ओढ्यापलीकडं माळावर एक घर विकायला होतं. निवृत्त झालेल्या एका ओव्हरसियरनं बांधलेलं. हा गृहस्थ आयुष्यभर दुसऱ्यांचे बंगले उठवत होता, म्हणून शेवटी स्वतःचा उठवला. आणि मग म्हातारपणी लेकीकडं धारवाडला निघून गेला. पुढं पडवी, आत सहा खोल्या, मागं विहीर, वर गच्ची. आसपास कोणी नाही. गावातले लोक तिथं फक्त म्हशी हुडकायला जात.

सगळं कुटुंब घर बघायला गेलं. तवनाप्पानं भिंती ठोकून पाहिल्या. भांडी वाजवून घ्यायची सवय, त्यामुळं भिंतीचाही आवाज कसा येतो ते तो कान लावून ऐकत होता. धोंडूबाई उंबऱ्यातच बसल्या आणि आतलं काही न बघता नावं ठेवू लागल्या. मुलं खोल्याखोल्यांतून धावत सुटली. धावताना कशालाच पाय लागत नाही हे पाहून ती थोडी बावचळली.

एवढ्यात चंदनाच्या लक्षात आलं की राजमती दिसत नाही. हाका मारल्या. विहिरीत डोकावून झालं. मग मागच्या न्हाणीचं दार आतून लावलेलं दिसलं.

गावातल्या घरात न्हाणीला दार नव्हतं. न्हाणीच नव्हती खरं तर. चुलीमागं एक दगड होता, आणि बायका उजाडायच्या आत लुगडं आडवं धरून अंग धुऊन घेत. एकीनं धुवायचं, दुसरीनं लुगडं धरायचं. इथं ओव्हरसियरनं चार भिंती बांधून दाराला लोखंडी कडी बसवली होती.

"आव्वा, काय करालीस आत?" पारिसानं विचारलं.

"काय न्हाय."

"मग भायेर ये की."

"येतो."

आली नाही. बाहेर सगळे उभे. तवनाप्पा खाकरला. धोंडूबाई म्हणाल्या, "बरं न्हाय काय तिला?" बराच वेळ गेला, तेव्हा कडी निघाली. राजमती कोरडीच होती. हातपायसुद्धा धुतले नव्हते. डोळे तेवढे जरा लाल दिसले, पण ते उन्हानंही असतील. चंदनानं हळूच विचारलं, तर म्हणाली, "उभी हुतो गं नुसती. कुणी बघत नसताना उभं ऱ्हाऊन बघितलं."

तवनाप्पा घर घ्यायला तयार नव्हता असं नाही. त्याची अडचण वेगळी होती, आणि ती धोंडूबाईंनी घरी परतल्या परतल्या सगळ्यांसमोर मांडली.

"दिवस बुडायच्या आत जेवाया कसा येणार त्यो?"

ही अडचण जैनाच्या घरात हसण्यावारी नेण्यासारखी नव्हती. सूर्य मावळल्यावर त्या घरात कुणी घास तोंडात घातला नव्हता. तवनाप्पाच्या बापानं तर मावळतीला घशात अडकलेला घास गिळावा की थुंकावा यावर उपाध्यांकडं माणूस पाठवला होता म्हणतात. पेठेतलं घर त्या बाबतीत सोयीचं होतं. गिऱ्हाईक सोडून उठायचं, चार पावलं आत यायचं, जेवायचं, परत गल्ल्यावर. माळावरून हे जमणार कसं? भांड्यांचं गिऱ्हाईक खेड्यांतून यायचं, दिवसभर बाजारात भटकायचं आणि घासाघीस करायला नेमकं उन्हं उतरल्यावर दुकानात शिरायचं.

"लवकर निघा की," राजमती म्हणाली.

"आणि धंदा?"

"मग पळत या."

ती हे रागानं बोलली होती. तवनाप्पाला तो तोडगा वाटला.

दिवाळी झाल्यावर सगळे माळावर राहायला गेले. चंदनाचं बाळंतपण तिथल्याच एका खोलीत, बाजेवर एकही बंब नसताना, नीट पार पडलं. मुलगी झाली. पण थंडीचे दिवस, सूर्याला घरी जायची घाई. दुकानचा छकडा खेड्यांत माल पोचवायला गेलेला असायचा. तवनाप्पा शेवटच्या गिऱ्हाइकापाशी रेंगाळे, मग पश्चिमेला नजर टाके, आणि उठून जो सुटे तो ओढ्याच्या पुलाकडं. पन्नाशीचा माणूस, पोट सुटलेलं, डोक्यावर रुमाल, अंगात कोट. एका हातात धोतराचा सोगा, दुसऱ्या हातात पायताणं. मागून दोन्ही मुलगे. ते पुढं जाऊ शकत होते, पण बापाच्या पुढं पळायचं कसं, म्हणून मर्यादेनं मागं राहत.

गच्चीवर राजमती उभी असे. तिथून ती ओरडे, "हाय! अजून हाय! बोटभर हाय!"

आठवड्याभरात पुलावर माणसं जमायला लागली. आधी आप्पा पोचतोय का सूर्य बुडतोय यावर पानसुपारीच्या पैजा लागल्या. तवनाप्पाला सूर्याजीराव हे नाव पडलं. एकदा एका टवाळानं वाटेत हाक मारली, "आप्पा, घागर केवढ्याला?" आणि जातिवंत व्यापारी असल्यामुळं तवनाप्पा भाव सांगायला थांबला. त्या दिवशी तो उपाशी झोपला.

खाली पडवीतून बघितलं तर पश्चिमेच्या टेकाडाआड सूर्य लवकर जायचा. गच्चीवरून तो आणखी थोडा वेळ दिसायचा. हे राजमतीच्या ध्यानात आलं आणि दुसऱ्या दिवसापासून पाटपाणी गच्चीवर मांडलं जाऊ लागलं. धापा टाकत आलेला तवनाप्पा जिन्यावरून वर जायचा आणि पश्चिमेकडं तोंड करून जेवायचा, सूर्यावरची नजर न हलवता, जसं काही ताट तिकडंच वाढलंय.

धोंडूबाईंना हे पटलं नाही. "खाली मावळला आणि वर न्हाय, असं कुटं असतंय? सूर्य काय माडीवर ऱ्हातोय?" त्यांनी बस्तीतल्या उपाध्यांना बोलावणं धाडलं.

उपाध्ये आले. पडवीत उभे राहिले, टेकाड पाहिलं. गच्चीवर चढले, पुन्हा टेकाड पाहिलं. तिथं त्यांच्यासाठीही पाट मांडला होता आणि तूप घातलेली गरम हुग्गी, म्हणजे गव्हाची खीर, वाढली होती. त्यांनी विचार केला. मग म्हणाले, "आज्जी, टेकाडाआड गेला म्हंजे मावळला असं मानलं, तर भिंतीआड बसलेल्या माणसाला दुपारीच मावळला म्हणावं लागंल. जितं बसून दिसतोय, तितं हाय." आणि सूर्य दिसतोय तोवर बसले.

धोंडूबाई म्हणाल्या, "हुग्गी बरी झाल्ती वाटतं." पण निर्णय मानला.

खरा घोळ पुढं झाला. बाजाराच्या दिवशी गच्चीसुद्धा पुरेना. त्या दिवशी तिघं पुरुष दुकानामागच्या जुन्या घरातच कोरडं काहीतरी खाऊन झोपायला लागले. मग लग्नसराई आली, तेव्हा आठवडा-आठवडा तिकडंच. जुन्या घरात आता भांडी ऐसपैस पसरली होती आणि पुरुषही. पळायला नको, कुणी टोकायला नको. तवनाप्पाला बरं वाटू लागलं, आणि माळावर येणं कधीमधीच उरलं. माळावर सहा खोल्या, विहीर, गच्ची, आणि एवढ्या सगळ्यात फक्त बायका नि पोरं. नदीकाठी घाट बांधावा आणि नदीनंच वाट बदलावी तसं काहीतरी झालं.

चंदनाच्या त्या मुलीनंतर दोन वर्षं पाळणा रिकामा राहिला. हे राजमतीच्या ध्यानात आलं नसेल असं नाही, पण बोलल्या धोंडूबाई, आणि त्या हळू बोलणाऱ्यांपैकी नव्हत्या.

"तिकडं भांड्यांत कोंबून ठेवल्ती तवा वर्साला पाळणा हालायचा. हितं एकेकीला खोली दिली तर पाळण्यात मांजर निजतंय! वाढणाऱ्या माणसांसाठी घर घेतलं म्हणं. कुटं हाय वाढ?"

चंदना आणि जयाबाई पदर तोंडाला लावून आत पळाल्या.

"आत्ती," राजमती म्हणाली, "पोरं खोलीला हुत न्हाईत. बापय माणूस नगं व्हय घरात?"

"मग आण की!"

"आणतो."

दुसऱ्या दिवशी दुपारी, छकडा माल पोचवून परत आला तसा तिनं तो माळावरच अडवला. त्यात बसली आणि दुकानासमोर नेऊन उभा केला. खाली उतरली नाही. आत कोगनोळीचा एक शेतकरी लेकीच्या लग्नाचा हंडा बघत होता. बोटानं वाजवत होता, नाक मुरडत होता.

"काय गं?" तवनाप्पानं आतून विचारलं.

"न्यायाला आलोय. चला."

"आत्ताच? अजून ऊन हाय."

"म्हणूनच आलोय."

"गिऱ्हाईक हाय न्हवं! सांजचं गिऱ्हाईक सोडून जाऊ?"

"हंडा काय मेथीची जुडी हाय व्हय, सांजपत्तुर सुकाया? आज घेतला काय, उद्या घेतला काय." मग ती शेतकऱ्याकडं वळली. "दादा, लेकीचं लगीन कवा हाय?"

"हाय म्हैन्यावर," तो गोंधळून म्हणाला.

"मग उद्या सकाळी या. सकाळी यांचं डोकं थंड असतंय, भाव बरा देत्यात."

शेतकरी हसला. तवनाप्पा हसला नाही. तो गल्ल्यावर तसाच बसून राहिला आणि राजमती छकड्यात तशीच बसून राहिली. समोरचा शिंपी, पानवाला, येणारेजाणारे सगळे थबकले. बंबाची आठवण अजून ताजी होती. शेवटी तवनाप्पानं कुलूप हातात घेतलं. मुलगे त्याच्या आधीच छकड्यात चढले होते. कुंथुनाथ तर चाक फिरायच्या आधी बैल हाकायला लागला, असं जयाबाई सांगत. आणि हे सांगताना त्या सत्तरीत असूनही लाजत.

ती रोज येऊ लागली. काही दिवस तवनाप्पानं कुरकूर केली. धंदा बुडेल असं त्यानं गल्लीत सगळ्यांना सांगून ठेवलं होतं, म्हणजे बुडाल्यावर दोष कुणाचा हे आधीच ठरलेलं असावं. धंदा बुडाला नाही. खेड्यातल्या लोकांना कळलं की हे दुकान उन्हात बंद होतं, तेव्हा ते आधी इथं येऊ लागले आणि मग बाजार हिंडू लागले. घासाघीसही कमी झाली, कारण बाहेर छकड्यात बाई बसलेली असे आणि ती गिऱ्हाइकाकडं अशी बघे की माणूस दोन वाक्यांत सौदा उरकून पैसे काढी. तवनाप्पाला हे मान्य करायला फार जड गेलं. तोंडानं त्यानं कधी केलं नाही. एक दिवस फक्त तो तिच्या आधी छकड्यात येऊन बसलेला दिसला.

पुढच्या दिवाळीच्या आत जयाबाईंना दिवस गेले. चंदनालाही गेले. धोंडूबाईंनी नातसुनांची दृष्ट काढली आणि मग उपाध्यांना निरोप पाठवला, की गच्चीबद्दल तुम्ही सांगितलंत ते बरोबर होतं. त्या माळावरच वारल्या, जपमाळ हातात, आणि शेवटपर्यंत घराला नावं ठेवत. वारा फार लागतो, हे शेवटचं.

घर भरत गेलं. माळावर आणखी घरं उठली. ज्या लोकांनी पुलावर पैजा लावल्या होत्या त्यांतल्याच दोघांनी शेजारच्या जागा घेतल्या. लढाईच्या काळात तांब्यापितळेची टंचाई आली, तेव्हा दुकान अर्धं रिकामं झालं आणि तवनाप्पा दुपारीच घरी येऊन पडवीत बसू लागला. कुणी पाहुणा आला, घराची वाहवा केली, की तो पाय पसरून सांगे, "लोक मला येडा म्हणत हुते. पण मी म्हटलं, न्हाय, माणसं वाढल्यात, मोकळी जागा पायजे. लांबचं बघावं लागतंय माणसाला."

एकदा असाच एक पाहुणा, बेळगावहून आलेला, त्याच्या दूरदृष्टीनं भारावून गेला. राजमती तिथंच पडवीत सुपात हरभरे घेऊन निवडत होती. पाहुण्यानं तिला विचारलं, "खरं काय हो वैनी? सगळं आप्पांच्याच डोक्यातनं आलं?"

"व्हय," ती म्हणाली आणि सुपातला एक खडा उचलून अंगणात भिरकावला. "त्यांच्या डोक्यात लई जागा हाय."

तवनाप्पानं समाधानानं मान डोलावली आणि पाहुण्यासाठी चहा सांगितला.